सालदाराची बाकी

१

किमान वेतनात माणसाला नीट जगता येते काय, हा प्रश्न आपल्याकडच्या परिसंवादांतून वरचेवर विचारला जातो. विचारणारा बहुधा महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा असतो आणि उत्तर देणाराही तोच असतो. ज्याच्या जगण्याविषयी ही चर्चा चालते, तो त्या वेळी कुणाच्या तरी बांधावर किंवा उसाच्या फडात असतो. मी स्वतः आयुष्यभर शिक्षक म्हणून पगार घेतला, तेव्हा हा दोष आधी माझ्याच पदरात घालून घेतो. परंतु माझा जन्म सालदाराच्या घरातला. आज नंदुरबार जिल्ह्यात आणि त्या वेळी धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादा तालुक्यातल्या एका गावी, महारवाड्यात मी वाढलो. किमान वेतनाचा पहिला हिशेब मी अर्थशास्त्राच्या पुस्तकात केला नाही. तो सहावीत असताना पाटीवर केला.

गुरुजींनी भागाकार पक्का करून घेतला होता. घरी येऊन मी वडिलांचे साल भागले. सालाचे सहाशे रुपये, दिवस तीनशे पासष्ट. दिवसाला एक रुपया चौसष्ट पैसे आले. घरात आम्ही सहा माणसे. पुन्हा भागले, तर माणशी सत्तावीस पैसे. मोठ्या अभिमानाने मी पाटी वडिलांपुढे धरली. त्यांना अक्षर येत नव्हते, पण हिशेब येत होता. ते म्हणाले, "आणि बाकी?" मला वाटले, भागाकाराची बाकी विचारतात. ते मालकाच्या वहीतल्या बाकीविषयी बोलत होते. घेतलेली उचल, मधल्या महिन्यांत आणलेली ज्वारी, आजारपणाचे खाडे, बहिणीच्या लग्नाला काढलेले पैसे हे सारे सालातून वजा होत असे आणि जे फिटत नसे ते पुढच्या सालावर चढत असे. आमच्या खानदेशात सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला संपते आणि त्याच दिवशी नवे ठरते. माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गाणी म्हणत असत आणि माझे वडील मालकाच्या ओट्याखाली बाकी ऐकत उभे असत.

त्या दिवशी मला जे कळले ते आजही मला पुरेसे वाटते. मजूर जगतो की नाही, हे चार आकडे ठरवतात : मजुरीचा दर, कामाचे दिवस, खाणारी तोंडे आणि डोक्यावरची बाकी. या देशातील कायदे यांपैकी एकेक आकडा हाती धरत आले. चारही आकडे एकदम मांडण्याचे काम माझ्या तालुक्यात भिल्ल सालदारांनी केले. त्या कामात माझ्या घराने काय केले, हेही सांगणे मला भाग आहे.

२

आधी कायद्याचा इतिहास पाहू. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांच्याच कारकिर्दीत, एप्रिल १९४६ मध्ये, केंद्रीय विधिमंडळापुढे आले. ते मंजूर होऊन कायदा झाला तो १९४८ साली. या कायद्याच्या अनुसूचीचे दोन भाग होते. पहिल्यात विडी, तेलगिरण्या, मोटारवाहतूक असे व्यवसाय होते. दुसऱ्या भागात एकटी शेती होती. पहिल्या भागातील कामांसाठी दोन वर्षांत वेतन ठरवावयाचे होते, तर शेतीसाठी तीन वर्षांची मुदत होती. ही मुदतही पुढे पुन्हा पुन्हा वाढविण्यात आली. देशातील बहुसंख्य दलित आणि आदिवासी मजूर ज्या एका कामात होते, नेमके तेच काम थांबून राहिले. हा योगायोग मानण्याइतका भाबडेपणा आपण सोडला पाहिजे.

आणखी एक गोष्ट. या कायद्याने किमान वेतन म्हणजे काय याची व्याख्याच केली नाही. ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न १९५७ च्या जुलैत भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या अधिवेशनाने केला. एका कमावत्यामागे तीन खाणारी माणसे धरावीत, बाईची आणि मुलांची कमाई हिशेबात घेऊ नये, डॉ. ॲक्रॉइड यांनी ठरविलेला आहार धरावा, चार माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड धरावे, घरभाडे धरावे आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी २० टक्के धरावेत, असा तो ठराव होता. तोंडे मोजली गेली ती अशी प्रथम इथे. परंतु परिषदेत बसले होते ते सरकार, कारखानदार आणि संघटित कामगारांचे पुढारी. सालदाराला त्या ठरावाची वार्ताही नव्हती. आणि ठराव बंधनकारक नाही, असे सरकारच्या अर्थखात्याने पुढे सांगून टाकले.

बाबासाहेबांना केवळ वेतनाच्या कायद्याने भूमिहीनाचा प्रश्न सुटेल असे वाटत नव्हते. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी स्पष्ट म्हटले होते की, तुकडेजोड किंवा कुळकायदा केल्याने सहा कोटी अस्पृश्यांचे काही भागणार नाही, कारण ते निव्वळ भूमिहीन मजूर आहेत. म्हणून जमीन राज्याच्या मालकीची करून ती सामुदायिक शेतीसाठी जातिधर्माचा भेद न करता गावकऱ्यांना द्यावी, अशी त्यांची मागणी होती. ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, त्याला मालकाचा दर नाकारता येत नाही. हे जो ओट्याखाली उभा राहिला आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही.

म्हणूनच १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हा खानदेशातील महारवाडे त्यात लोटले. माझे वडील त्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. तुरुंगातून परत आले आणि पुन्हा त्याच मालकाकडे साल धरून राहिले. जमीन मिळाली नाही. मिळाली ती एक आठवण. ती ते आयुष्यभर जपत राहिले आणि तिचेच ओझे पुढे त्यांना झाले.

३

सालदार म्हणजे कोण, हे शहरातील तरुण वाचकाला सांगितले पाहिजे. पहाटे गोठा झाडण्यापासून रात्री बैलांना वैरण टाकेपर्यंत जो मालकाचा असतो तो सालदार. त्याला तास नसतात आणि वारही नसतो. एक दिवस पडून राहिला तर खाडा धरला जातो. त्याच्या बायकोचे शेण भरणे आणि पोराचे गुरांमागे जाणे सालात जमा असते, पण त्याची किंमत कुठे लिहिलेली नसते. श्रम परिषदेने एका मजुरीवर तीन माणसे पोसावयाची ठरविली होती. सालदारकीत तीन माणसांच्या कष्टावर एक मजुरी मिळे.

शहादा-तळोद्याच्या सपाटीवर सालदारांत बहुसंख्य भिल्ल होते. ज्या काळ्या जमिनीत ते राबत, त्यांतली कितीतरी जमीन एकेकाळी त्यांच्याच बापआजांची होती. कर्जापायी, अंगठ्यापायी, दारूपायी ती गेली होती. म्हणजे पुन्हा बाकीच. बाकीने आधी जमीन नेली आणि मग माणूस नेला. बड्या बागायतदारांनी पिके राखण्यासाठी पीक संरक्षण संस्था काढल्या होत्या. त्यांचे राखणदार चारा कापणाऱ्या बाईला आणि बोंडे वेचणाऱ्या पोराला पकडत, मारत, दंड घेत.

या मुलखातले अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातले शिकलेले तरुण. भजनी मंडळाच्या आणि सर्वोदयाच्या वाटेने ते लोकांत उतरले आणि अन्यायाची प्रकरणे हाती घेऊ लागले. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्य मागावयास गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात एक आदिवासी ठार झाला. या घटनेने तालुका हलला. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा भरला. मुंबई-पुण्याकडील काही शिकलेले तरुण, त्यांत कुमार शिराळकर, विजय कान्हेरे, दीनानाथ मनोहर ही मंडळी होती, इथे येऊन राहिले. वाहरू सोनवणे यांच्यासारखे या मातीतले भिल्ल तरुण पुढे आले. १९७२ मध्येच श्रमिक संघटना उभी राहिली.

या संघटनेच्या मागण्यांकडे नीट पाहावे. गेलेल्या जमिनी परत मागितल्या गेल्या. सालदाराचा पगार आणि रोजंदारीचा दर वाढवून मागितला गेला. कामाचे तास ठरवून मागितले गेले. आणि हक्काची सुटी मागितली गेली. माझ्या मते या आंदोलनातील सर्वांत क्रांतिकारक मागणी सुटीची होती. ज्वारी बैलालाही लागते आणि मालक ती बैलाला देतो. सुटी मागणारा मात्र सांगत असतो की, माझ्या आयुष्यातला काही काळ माझा आहे. पोटापुरते वेतन आणि माणसाजोगते वेतन यांच्यातले अंतर तालुक्यातल्या निरक्षर सालदारांनी या एका मागणीने दाखविले.

बाया त्याहून पुढे गेल्या. संघटनेच्या शिबिरांतून त्यांनी बोलावयास सुरुवात केली तेव्हा आधी दारूचा विषय काढला. घरी मार खाणाऱ्या बायांनी गावोगाव जाऊन दारूचे मटके फोडले. याला काही विद्वान 'समाजसुधारणा' म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. जी मजुरी घरापर्यंत पोहोचतच नाही, ती वाढून उपयोग काय? वेतनाचा प्रश्न बायांनी मालकाच्या ओट्यावरून उचलून चुलीपर्यंत आणला.

४

आता माझ्या घराची गोष्ट. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या हाडात बसला होता. १९७३ च्या आखाजीला आमच्या गावातील भिल्ल सालदारांनी जुन्या दराने साल धरावयाचे नाकारले. त्यांच्यातला एक जण आमच्या घरी नेहमी येई. आम्ही भावंडे त्याला काका म्हणत असू. मालकाने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी महारवाड्यात निरोप धाडला. माझे वडील गेले. काकाच्या जागी, काकाच्या बैलांमागे ते उभे राहिले. आमच्या आळीतून आणखी दोघे गेले.

त्या रात्री काका आमच्या दारात आला. आत आला नाही. म्हणाला, "तू जमीनसाठे जेलमा गयथा. आते आमना पोटवर काबर पाय देस?" वडील काही बोलले नाहीत. आई चुलीजवळून म्हणाली की, घरात दाणा नाही. काका म्हणाला, त्याच्याही घरात नाही. मग तो निघून गेला.

मी त्या वेळी वडिलांच्या बाजूचा होतो. बारा वर्षांच्या पोराला भाकर दिसते. पुढे चळवळीत वावरताना मी या प्रसंगाविषयी अनेक वर्षे गप्प राहिलो, कारण सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या माणसाने संप फोडला हे सांगण्याची लाज वाटे. आज मी ते लिहितो, कारण किमान वेतनाचा सगळा प्रश्न त्या उंबऱ्यावर उभा होता. ज्याची बाकी फिटलेली नाही त्याला संप परवडत नाही. भुकेल्या माणसाला दुसऱ्या भुकेल्याच्या जागी उभे करता येते, यावरच पडलेला दर टिकून राहतो. आणि त्या दोघांत जातीची भिंत असेल तर मालकाला फारसे कष्टही पडत नाहीत. भिल्लांचा लढा भिल्लांचा, आपला लढा आपला, असे आमच्या आळीत म्हटले जाई. गावकुसाबाहेर आमची आणि त्यांची घरे हाकेच्या अंतरावर होती आणि आम्ही दोन देशांसारखे राहत होतो.

आसपासच्या गावांत मालकांना हळूहळू नमावे लागले. पुढच्या आखाजीला आमच्या गावातही साल वाढले आणि महिन्याला दोन सुट्या कबूल झाल्या. ज्यांनी संप केला त्यांना हे मिळाले आणि ज्यांनी तो फोडला त्यांनाही मिळाले. वडिलांची पहिली सुटी मला चांगली आठवते. सकाळी उठून काय करावे हे त्यांना सुचेना. थोड्या वेळाने ते काकाच्या घरी गेले. पावसाळा तोंडावर होता. दिवसभर त्यांनी काकाच्या घराचे छप्पर शाकारून दिले. दोघांत फार बोलणे झाले नसावे. संध्याकाळी ते हात धुऊन जेवावयास बसले आणि म्हणाले, "आज माझा रोज मी स्वतः खर्च केला."

अंबरसिंग १९७४ मध्ये ऐन तारुण्यात गेले. त्याच वर्षी आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात झाला. त्यामागे जी रेटारेटी होती, तिच्यात या तालुक्याचा वाटा मोठा होता.

५

दुष्काळाने एक चांगली गोष्टही दिली. त्या वेळच्या कामांतून रोजगार हमी योजना वाढली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दर नव्हे तर दिवस हा आकडा कायद्याने प्रथमच हातात घेतला. खडी फोडण्याचे काम कष्टाचे होते, मोजमापात लबाडी होती, पगार उशिरा मिळे. तरीही मालकाच्या ओट्याशिवाय दुसरी एक जागा मजुराला मिळाली. १९७६ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा कायदा झाला होता, म्हणजे कागदावर बाकीलाही हात लागला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात आणि १९८३ साली राजस्थानातील दुष्काळी कामांच्या प्रकरणात सांगितले की, किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने मना केलेली सक्तीची मजुरी आहे. भुकेची सक्ती हीसुद्धा सक्तीच आहे, हे न्यायालयाने मान्य केले.

पण आकडे किती चलाख असतात पाहा. १९८८ मध्ये महाराष्ट्रात किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर रोजगार हमीचा दरही वाढला. त्यानंतर कामावरची हजेरी खाली आली. मजुरांना काम नको होते असे नाही. कामेच कमी निघाली. दर दिला आणि दिवस काढून घेतले. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात तर हमीचा दर किमान वेतनाहून वेगळा ठरविण्याची सोय कलम ६ मध्येच करून ठेवली होती. दिवस दिले आणि दर सोडवून घेतला.

६

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक पंतप्रधानांच्या उपस्थितीत वाटले गेले. प्रत्येक माणसाला एक आकडा देण्याची सुरुवात आमच्या तालुक्यातून झाली, हे ठीकच. परंतु निती आयोगाने २०२१ मध्ये बहुआयामी दारिद्र्याचा जो निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात नंदुरबार महाराष्ट्रातील सर्वांत गरीब जिल्हा निघाला. त्या मोजणीत जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक माणसे दरिद्री होती.

माझ्या वडिलांनी विचारलेला हिशेब मी अलीकडे पुन्हा मांडला. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात हमीच्या कामाचा दर दिवसाला २९७ रुपये होता. केंद्राची हमी एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची. तीही पूर्ण मिळाली असे धरले तर २९,७०० रुपये. पाच तोंडांनी भागले तर माणशी महिन्याला ४९५ रुपये, दिवसाला साडेसोळा. शंभरापुढचे दिवस राज्याच्या खर्चाने मिळू शकत होते, पण त्यासाठी काम निघावे लागते. सरकारनेच नेमलेल्या डॉ. अनूप सत्पथी समितीने २०१९ च्या अहवालात, जुलै २०१८ च्या किमती धरून, दिवसाला ३७५ रुपये हे राष्ट्रीय किमान वेतन सुचविले होते. सरकारने त्याच वर्षी तळरेषा ठेवली १७८ रुपयांची. निम्म्याहूनही खाली.

म्हणून दिवाळी झाली की आमची गावे रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दक्षिण गुजरातच्या उसात जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. १९५७ च्या ठरावात एका मजुरीवर तीन माणसे होती. कोयत्याच्या हिशेबात दोन माणसांची मिळून एक मजुरी आहे. गुजरात सरकारने २०२२ च्या अखेरीस तोडणीचा दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला, हे लढ्याचे यश आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण हंगाम संपताना त्यातून उचल, खावटी आणि व्याज वजा होते, आणि जे उरत नाही ते पुढच्या हंगामावर चढते. १९७६ चा कायदा असूनही या उचलीला वेठ म्हणावयास कोणी अधिकारी सहजी तयार होत नाही.

१९४८ चा कायदा आता राहिलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता त्याच्या जागी आली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने रोजगार हमीच्या जागीही नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस १०० चे १२५ झाले. पण पेरणी-कापणीच्या काळात वर्षातून ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली. ज्या दिवसांत मजुराला मालकापुढे मान वर करता येते, नेमके तेच हे दिवस. ओट्याखाली उभ्या राहिलेल्या माणसाला या तरतुदीचा अर्थ वकिलाकडून समजून घ्यावा लागणार नाही.

किमान वेतनात माणसाला नीट जगता येते काय? केवळ दर वाढवून येत नाही. वर्षभर काम, तोंडे धरून ठरलेला दर, बाईच्या कष्टाचा वेगळा रोज, उचलीपासून सुटका आणि हक्काची सुटी हे सारे एकत्र मिळाले तर येईल. यांतले काहीही दुसऱ्याची जागा पळवून मिळत नाही, हे शिकावयास माझ्या घराला एक साल लागले. दलित आणि आदिवासी तरुणांनी आपापल्या तालुक्यातील दर, दिवस, तोंडे आणि उचल यांचा हिशेब एकत्र बसून मांडावा, त्यासाठी सहावीचा भागाकार पुरतो.

वडील गेले तेव्हा मालकाकडे त्यांची बाकी नव्हती. ती मी नोकरीला लागल्यावर फेडली होती. काकाचा नातू यंदाही कोयता घेऊन गेला आहे. त्याची बाकी किती आहे, हे मी अजून विचारलेले नाही. आखाजीला तो परत आला की विचारणार आहे.